बुकवर्मवरून ट्रिक्सीवर: आधी हिशोब, मग अपग्रेड

डेबियन या लिनक्स वितरणाची 13वी आवृत्ती, ट्रिक्सी, 9 ऑगस्ट 2025 ला आली. माझ्या डेस्कटॉपवर तोवर 12वी, म्हणजे बुकवर्म, कसलीही कुरकुर न करता चालू होती. घाई करण्याचं कारण नव्हतं. डेबियनच्या स्टेबल आवृत्तीला तीन वर्षं पूर्ण आधार मिळतो आणि पुढे आणखी दोन वर्षं एलटीएसचा, म्हणजे दीर्घकालीन आधार. पण प्लाझ्मा (माझं डेस्कटॉप वातावरण) 5.27 च्या जागी 6.3, जिंप 2.10 च्या जागी 3.0, लिबरऑफिस 7.4 च्या जागी 25.2 असं सगळं एकदम मिळणार म्हटल्यावर मी फार दिवस थांबले नाही.

अपग्रेडचं नाव काढलं की "सगळं पुसा आणि नव्याने टाका, कटकट नको" हा सल्ला हमखास मिळतो. मला तो पटत नाही. डेबियन जागच्या जागी अपग्रेड व्हावी याच हेतूने तिची पॅकेजेस (बसवायला तयार सॉफ्टवेअरचे गठ्ठे) बांधली जातात आणि त्यामागे पॅकेज सांभाळणाऱ्यांची प्रचंड मेहनत असते. मात्र ती मेहनत कामी यायची तर आपल्या मशीनवरची प्रत्येक गोष्ट कुठून आली हे आपल्याला ठाऊक हवं. मागच्या दोन वर्षांत आपण कुठलं सॉफ्टवेअर कुठल्या वाटेने आत घेतलं, यावर अपग्रेड सुरळीत होणार की अडणार हे बरंचसं ठरतं. म्हणून माझा जास्तीत जास्त वेळ अपग्रेडच्या आधीच गेला, आणि या लेखातही तसंच होणार आहे.

सुरुवात डीपीकेजीच्या, म्हणजे पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणाऱ्या-काढणाऱ्या साधनाच्या, नोंदींपासून. व्हार, लिब, डीपीकेजी या वाटेने गेलं की स्टेटस नावाची एक साधी टेक्स्ट फाइल सापडते. टेक्स्ट एडिटरमध्ये नुसती वाचायला उघडून बघा, बदल मात्र करू नका. प्रत्येक पॅकेजचा एक परिच्छेद: नाव, आवृत्ती, कशाकशावर अवलंबून, आणि "इन्स्टॉल ओके इन्स्टॉल्ड" अशी स्थितीची ओळ. पहिल्या शब्दात आपली इच्छा, दुसऱ्यात काही बिघाड आहे का, तिसऱ्यात प्रत्यक्ष परिस्थिती. पॅकेज काढलं पण त्याच्या सेटिंगच्या फाइल्स मागे राहिल्या, तर तीच ओळ "डीइन्स्टॉल ओके कॉन्फिग-फाइल्स" अशी होते. आप्ट, म्हणजे पॅकेजेस शोधून, उतरवून डीपीकेजीकडे देणारं साधन, जी काही गणितं करतं ती या नोंदींच्या जोरावर. डिस्कवरची एखादी फाइल कुठल्या पॅकेजची, हे विचारायला डीपीकेजीला मोठा एस द्यायचा. पॅकेजने कुठल्या फाइल्स ठेवल्या हे विचारायला मोठा एल. अनोळखी फाइल दिसली की मी आधी मोठ्या एसने विचारते. उत्तर आलं तर ती फाइल आप्टच्या हिशोबात आहे. "कुठलाच पाथ सापडला नाही" असं आलं, तर बहुधा ती मी किंवा मी चालवलेल्या कुठल्यातरी स्क्रिप्टने ठेवलेली असते आणि अपग्रेडमध्ये तिच्याकडे कोणी बघणार नाही.

पहिला प्रश्न असा: आप्टच्या नोंदीत आहेत पण डेबियनकडून आलेली नाहीत अशी पॅकेजेस किती? आप्ट लिस्टला नॅरो, इन्स्टॉल्ड, नॉट, ओरिजिन असे पॅटर्न जोडून हे विचारता येतं. डेबियनच्या रिलीज नोट्समध्ये ती ओळ तयार दिलेली आहे, तिथूनच उचलावी. त्याच्या जोडीला टिल्डा आणि ओ हा पॅटर्न दिला की रेपॉझिटरीत (पॅकेजेसच्या ऑनलाइन भांडारात) आता नसलेली पॅकेजेस दिसतात. माझ्या यादीत एक ब्राउझर, एक कोड एडिटर आणि स्कॅनरच्या कंपनीने दिलेला ड्रायव्हर निघाला.

ब्राउझर आणि एडिटर आपापल्या रेपॉझिटरीतून आले होते, त्यामुळे त्यांची चिंता कमी. अशा बाहेरच्या रेपॉझिटऱ्या अपग्रेडच्या वेळी बंद ठेवायच्या आणि काम झाल्यावर पुन्हा सुरू करायच्या. सोर्सेसच्या, म्हणजे रेपॉझिटऱ्यांच्या पत्त्यांच्या, नव्या पद्धतीच्या फाइलमध्ये "एनेबल्ड: नो" एवढी एक ओळ घातली की भागतं. जुन्या एकओळी पद्धतीत ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकायचं.

पण त्या फाइल्स उघडल्याच होत्या, तर मी सह्या तपासायच्या डिजिटल किल्ल्यांकडेही नीट पाहिलं. रेपॉझिटरीवर विश्वास कसा ठेवला जातो हे कळलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. रेपॉझिटरीत इनरिलीज नावाची एक फाइल असते आणि तिच्यावर डिजिटल सही असते. त्या फाइलमध्ये पॅकेजांच्या याद्यांचे हॅश (मजकुरावरून काढलेले ठसे) असतात, आणि त्या याद्यांमध्ये प्रत्येक डेब फाइलचा, म्हणजे पॅकेजच्या फाइलचा, हॅश. म्हणजे एका सहीवर हजारो पॅकेजांची साखळी उभी असते. त्यामुळेच आप्ट साध्या, एन्क्रिप्शन नसलेल्या एचटीटीपीने कुठल्याही मिररवरून (भांडाराची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) फाइल आणू शकतं. वाटेत कोणी एक बाइट जरी बदलला तरी हॅश जुळत नाही आणि आप्ट ती फाइल नाकारतं. पूर्वी आप्ट-की या कमांडने बाहेरच्या रेपॉझिटरीची किल्ली सगळ्यांच्या सामायिक जुडग्यात पडायची. त्याचा अर्थ असा की, ब्राउझरवाल्यांच्या किल्लीने सही केलेलं कुठल्याही रेपॉझिटरीच्या नावाखाली चाललं असतं. आता "साइन्ड-बाय" लिहून प्रत्येक रेपॉझिटरीला तिची एकच किल्ली बांधून देता येते. नेटवरच्या जुन्या सूचनांमध्ये आप्ट-की दिसलं की ती सूचना तिथेच सोडून नवी शोधावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्कॅनरचा ड्रायव्हर हा वेगळा प्रकार होता. तो कुठल्याही रेपॉझिटरीतून आला नव्हता. नुसती डेब फाइल उतरवून बसवलेली. त्याला अपडेट नाही आणि नव्या आवृत्तीत तो चालेल याची हमीही नाही. डेब फाइल म्हणजे काही गूढ वस्तू नाही. ती एआर पद्धतीने बांधलेली असते आणि आत तीन गोष्टी असतात: आवृत्तीची एक छोटी फाइल, कंट्रोलचा टार (फाइल्सचा एक गठ्ठा) आणि डेटाचा टार. डेटामधल्या फाइल्स डिस्कवर पसरतात. कंट्रोलमध्ये माहिती असते आणि बसवण्याआधी, बसवल्यावर, काढण्याआधी, काढल्यावर चालायच्या स्क्रिप्टा असतात. या स्क्रिप्टा रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालतात. म्हणजे डेब फाइलवर दोनदा क्लिक करून पासवर्ड दिला की त्या स्क्रिप्टला मशीनवर वाटेल ते करायची मुभा मिळते.

मी डीपीकेजी-डेबने ती फाइल उघडून "पोस्टइन्स्ट" वाचली. तिने स्कॅनिंग सांभाळणाऱ्या सेनच्या डीएलएल नावाच्या कॉन्फिग फाइलमध्ये स्वतःची एक ओळ घुसवली होती आणि जोडलेली उपकरणं हाताळणाऱ्या यूडेव्हचा एक नियम लिहिला होता. काढताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मात्र या दोन्हींचा उल्लेखच नव्हता. पॅकेज पर्ज केलं, म्हणजे सेटिंगसकट काढलं, तरी ओळ आणि नियम जागच्या जागी राहणार होते, म्हणून दोन्ही हाताने पुसले. मग सेन-एअरस्कॅन हे डेबियनचं स्वतःचं पॅकेज टाकलं. ईएससीएल किंवा डब्ल्यूएसडी या स्कॅनिंगच्या सामायिक भाषा बोलणाऱ्या स्कॅनरला कंपनीच्या ड्रायव्हरची गरजच पडत नाही, आणि माझा स्कॅनर त्यातलाच निघाला. बाहेरचं एक पॅकेज कमी झालं, हे मला कुठल्याही नव्या फीचरपेक्षा मोलाचं वाटलं.

यानंतरची यादी बघताना मला सर्वात जास्त मजा आली. आप्ट प्रत्येक पॅकेजबद्दल एक खूण ठेवतं: हे माणसाने मागितलं, की दुसऱ्या पॅकेजला लागलं म्हणून आपोआप आलं? आप्ट-मार्क शोमॅन्युअल म्हटलं की माणसाने मागितलेल्यांची यादी येते. ऑटोरिमूव्ह याच खुणेवर चालतं. आपोआप आलेलं पॅकेज आता कोणालाच लागत नसेल तर ते काढलं जातं.

यात डेस्कटॉपच्या मेटापॅकेजची एक खोच आहे. मेटापॅकेजमध्ये स्वतःचं असं काहीच नसतं, फक्त "हे हे हवं" अशी अवलंबनांची यादी असते. त्या यादीतला एक नको असलेला प्रोग्रॅम काढायला गेलं की मेटापॅकेजही जातं, कारण त्याची अट मोडली. मेटापॅकेज गेलं की त्याच्यामुळे आलेले बाकीचे सगळे प्रोग्रॅम अनाथ ठरतात आणि पुढच्या ऑटोरिमूव्हमध्ये त्यांचा नंबर लागू शकतो. माझ्या मशीनवर हे आधी आभासी चालवून पाहिलं. आप्टला नुसता एस दिला की ते प्रत्यक्ष काही न करता काय केलं असतं ते सांगतं. यादी लांबलचक होती, तिच्यात माझा फाइल मॅनेजरही होता. मला हवे असलेले प्रोग्रॅम आप्ट-मार्क मॅन्युअलने नावं देऊन राखले. उलट दिशेनेही साफसफाई केली: कधीतरी काहीतरी कंपाइल करायला घेतलेल्या डेव्ह लायब्रऱ्या मॅन्युअल म्हणून बसलेल्या होत्या, त्यांना ऑटो केलं आणि ऑटोरिमूव्हने त्या निघून गेल्या. अपग्रेडमध्ये जितकी कमी पॅकेजेस, तितकी आप्टला वाट काढायला जागा जास्त.

आप्टच्या नोंदीबाहेरचं जग राहिलं होतं. युझर-लोकल आणि ऑप्ट या दोन डिरेक्टऱ्या चाळल्या. फ्लॅटपॅकची (आपल्या लायब्रऱ्यांसकट येणाऱ्या ॲप्सची) यादी घेतली. होम फोल्डरमध्ये एकाच फाइलमधलं ॲप, म्हणजे एक अ‍ॅपइमेज आणि पायथनची काही आभासी वातावरणं (वेगळ्या ठेवलेल्या लायब्रऱ्यांचे फोल्डर) होती. या सगळ्यांची नोंद एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, प्रत्येकापुढे "हे का ठेवलं" असं लिहून, केली. कारण लिहिता आलं नाही ते काढून टाकलं.

आता खुद्द अपग्रेड. इटीसी (सिस्टिमच्या सेटिंगचं फोल्डर), डीपीकेजीच्या नोंदी आणि आप्टची एक्स्टेंडेड स्टेट्स नावाची फाइल, जिच्यात वर सांगितलेल्या ऑटोच्या खुणा असतात, यांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला. होम फोल्डरचा तर नेहमीच असतो. होल्डवर ठेवलेलं, म्हणजे आहे त्या आवृत्तीवर अडवलेलं, काही नाही ना, हे आप्ट-मार्क शोहोल्डने पाहिलं. मग सोर्सेसमध्ये बुकवर्म शब्दाच्या जागी ट्रिक्सी. इथे "स्टेबल" लिहिणारे बरेच असतात, मी लिहीत नाही. स्टेबल लिहिलं की नवी आवृत्ती येईल त्या दिवशी तो शब्द तिकडे बोट दाखवू लागतो. आवृत्तीचं नाव लिहिलं की कधी हलायचं ते आपण ठरवतो.

काम ग्राफिकल टर्मिनलमधून न करता कंट्रोल, आल्ट आणि एफ3 दाबून मिळणाऱ्या टेक्स्ट कन्सोलमधून केलं, कारण ज्या डेस्कटॉपच्या लायब्रऱ्या बदलायच्या आहेत त्याच्याच खिडकीत बसणं शहाणपणाचं नाही. स्क्रिप्ट नावाच्या कमांडने सगळं सत्र फाइलमध्ये उतरत राहील अशी सोय केली. रिलीज नोट्समध्ये सांगितल्याप्रमाणे दोन टप्पे: आधी आप्ट अपग्रेड, नवी पॅकेजेस न घेता, मग आप्ट फुल-अपग्रेड.

फुल-अपग्रेडने काम सुरू करण्याआधी जो सारांश दाखवला त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. "खालील पॅकेजेस काढली जातील" याखाली नावांची रांगच्या रांग: लिबजीटीके-3-0, लिबकप्स2, लिबअसाउंड2, लिबएसएसएल3. प्रोग्रॅमच्या खिडक्या (जीटीके), छपाई, आवाज, एन्क्रिप्शन हे सगळं काढणार? पहिल्यांदा पाहणाऱ्याचा हात तिथे थबकणारच आणि थबकलाच पाहिजे. पण याच सारांशात "नवी बसवली जातील" हीसुद्धा यादी असते. तिथे लिबजीटीके-3-0टी64, लिबकप्स2टी64, लिबअसाउंड2टी64, लिबएसएसएल3टी64 होती. प्रत्येक जाणाऱ्याची जोडी येणाऱ्यांमध्ये सापडत होती.

या टी64 ची गोष्ट मोठी आहे. संगणक वेळ मोजतो तो 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांत. ती संख्या 32 बिटांत ठेवली तर 19 जानेवारी 2038 ला जागा संपते. म्हणून डेबियनने 32 बिटांच्या बहुतेक आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारांवर) वेळेची संख्या 64 बिटांची केली. इंटेलचं जुनं आय386 तेवढं वगळलं, कारण तिथे जुने तयार प्रोग्रॅम चालत राहणं महत्त्वाचं होतं. संख्येचा आकार बदलला की लायब्ररीशी बोलायची पद्धत बदलते, आणि पद्धत बदललेली लायब्ररी जुन्या नावाने देता येत नाही. म्हणून नावाला शेपूट लागलं. माझं मशीन 64 बिटांचं. त्याला वेळेची संख्या पहिल्यापासूनच 64 बिटांची आहे. पण पॅकेजांची नावं सगळ्या आर्किटेक्चरवर सारखी ठेवायची म्हणून इथेही शेपूट आलं. बाहेरून घेतलेलं एखादं पॅकेज अजून जुनं नाव मागत असेल तर? 64 बिटांवर नवी पॅकेजेस "जुन्या नावाचं काम मीही करते" असं जाहीर करतात, त्यामुळे माझा कोड एडिटर अडला नाही. एवढं कळल्यावर यादी एकेक नाव जोडी लावत वाचली. ज्यांना जोडी नव्हती ती थोडीच होती, आणि तीही आवृत्तीचा आकडा नावातच असलेली, उदाहरणार्थ पायथन 3.11 ची. मग वाय दाबलं.

डाउनलोड, उलगडणं, मांडणी हे सगळं आपोआप चालतं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मध्येच एक प्रश्न आला तो सांगते. ब्लूटूथच्या मेन कॉन्फ या फाइलमध्ये मी पूर्वी फास्टकनेक्टेबल ही ओळ सुरू केली होती, हेडफोन झटकन जोडले जावेत म्हणून. नवं पॅकेज त्याच फाइलची नवी प्रत घेऊन आलं होतं. डीपीकेजी अशा वेळी थांबतं: वाय किंवा आय दाबलं तर नवी प्रत, एन किंवा ओ दाबलं तर तुमची जुनी, डी दाबलं तर फरक, झेड दाबलं तर शेल उघडून स्वतः बघा. नुसतं एंटर केलं तर तुमची फाइल जशीच्या तशी राहते. मला ही वागणूक फार आवडते. माणसाने हाताने केलेला बदल यंत्राने परस्पर पुसायचा नाही, हा नियम डेबियन काटेकोरपणे पाळते. मी डी दाबून फरक वाचला. नव्या फाइलमध्ये बरेच नवे पर्याय आणि त्यांची टिपणं होती, माझा बदल एका ओळीचा. नवी प्रत घेतली आणि आपली ओळ पुन्हा घातली. तुमचे बदल दहा ठिकाणी असतील तर जुनी ठेवा. नवी प्रत शेजारीच "डीपीकेजी-डिस्ट" शेपटाने ठेवलेली सापडते, निवांतपणे जुळवता येते.

रीस्टार्टनंतर 6.12 कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि प्लाझ्मा 6 समोर. जुनं 6.1 कर्नल बूट मेनूत आणखी काही दिवस राहू दिलं.

पुढची आवराआवर मात्र सांगायला हवी. पायथन 3.11 वरून 3.13 वर गेला होता. आभासी वातावरण जुन्या इंटरप्रिटरकडे बोट दाखवत असतं. तोच गेला की वातावरण निकामी. ती दुरुस्त करत बसायची नसतात, लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी असलेल्या फाइलवरून नव्याने उभारायची. पिपएक्सने टाकलेली पायथनची साधनं "रीइन्स्टॉल-ऑल" म्हटल्यावर सरळ झाली. बुकवर्मपासून पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) थेट सिस्टिमच्या पायथनमध्ये काही टाकू देत नाही, "हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं" असं सांगून परत पाठवतं. अनेकांना तो अडथळा वाटतो आणि ते ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेसचा पर्याय देऊन पुढे जातात. माझ्या अनुभवात या अडथळ्यामुळेच अपग्रेड सोपं गेलं: पिपचं काहीही आप्टच्या हद्दीत शिरलेलं नव्हतं.

फ्लॅटपॅकला तर काही झाल्याचं कळलंसुद्धा नाही. त्याची ॲप्स आपापल्या रनटाइमवर (लायब्रऱ्यांच्या संचावर) उभी असतात, खाली बुकवर्म की ट्रिक्सी याच्याशी त्यांना फारसं घेणं नाही. त्याची किंमत डिस्कच्या जागेत मोजावी लागते. वापरात नसलेले रनटाइम "अनइन्स्टॉल" आणि "अनयूज्ड" म्हणून काढले. जिंप 3 साठी मी बुकवर्मवर फ्लॅटपॅकची प्रत वापरत होते; आता डेबियनमध्येच 3.0 आल्यावर दोन प्रती कशाला? फ्लॅटपॅकच्या जिंपची सेटिंग होम फोल्डरच्या आतल्या लपवलेल्या व्हार-ॲप फोल्डरमध्ये असते आणि डेबियनच्या जिंपची लपवलेल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये. माझे ब्रश एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवले आणि फ्लॅटपॅकची प्रत काढली. मेसेजिंगचं ॲप आणि एक व्हिडिओ एडिटर मात्र फ्लॅटपॅकमध्येच ठेवले, कारण त्यांना वरचेवर नवी आवृत्ती लागते आणि स्टेबल त्यासाठी नाही.

अ‍ॅपइमेज पहिल्यांदा उघडेना, कारण त्याला लागणारी फ्यूज 2 ही लायब्ररी ऑटोरिमूव्हमध्ये गेली होती. आप्टला अ‍ॅपइमेजची काही खबरच नाही, मग ती लायब्ररी कोणाला लागते हे त्याला कुठून कळणार! लिबफ्यूज2टी64 पुन्हा टाकली. नाव देऊन मागितल्यामुळे तिला मॅन्युअलची खूणही लागली, पुढच्या वेळी जाणार नाही.

शेवटी आप्ट 3 मधली मॉडर्नाइझ-सोर्सेस ही कमांड चालवली, तिने जुन्या एकओळी सोर्सेस नव्या पद्धतीत लिहून दिल्या. बाहेरच्या दोन रेपॉझिटऱ्या सुरू केल्या. मागे उरलेल्या कॉन्फिग फाइल्स टिल्डा-सीच्या पॅटर्नने बघून पर्ज केल्या. नव्या आप्टमध्ये काढली जाणारी पॅकेजेस लाल रंगात दिसतात, ही छोटीशी सुधारणा मला रोज उपयोगी पडते आहे. टेक्स्ट फाइलमधली यादी नव्याने लिहिली: बाहेरच्या रेपॉझिटऱ्या दोन, फ्लॅटपॅक दोन, अ‍ॅपइमेज एक, आणि त्या अ‍ॅपइमेजपुढे कंसात लिबफ्यूज2टी64.